एका दिवशी दोन वराती

आमच्या घरी पाहुणा आला की बाबा आधी त्याच्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. पायांवरच्या धुळीवरून त्यांना कळायचं की माणूस स्टेशनवरून चालत आला की रिक्षाने, चप्पल नवी घेतली की कोणाची मागून आणली, आणि त्याला आधी पाणी द्यायचं की आधी बसायला. तोंड काय, तोंड सगळेच हसरं करून येतात, असं ते म्हणत. बाबा गिरणीत विणकाम खात्यात होते. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहिल्यामुळे घरीसुद्धा मोठ्याने बोलत, आणि त्यांना वाटे की आपण कुजबुजतो आहोत. त्यामुळे पाहुणा दारात असतानाच त्यांनी मला म्हटलेलं "शालू, याहीचे पाय पोळले आहेत वं, पाणी आण" हे वाक्य पाहुण्यासकट अख्ख्या गल्लीला ऐकू जाई.

नागपुरात इंदोऱ्याजवळच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. वर टिनाचं छत, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात एक रांजण. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की माय चुलीवर चहाचं आधण ठेवायची, आणि दुसरा भोंगा होईपर्यंत बाबा डबा घेऊन सायकलवर बसलेले असायचे. मायच्या हाताला कामाची सवय आणि जिभेला धार. ताईला आणि मला ती दिवसातून दहादा ओरडायची, पण कोणाकडून उणा शब्द ऐकून घ्यायची नाही. तिच्या हातचा वडाभात मी पुढे कितीतरी नावाजलेल्या आचाऱ्यांकडून करवून घेतला. मसाला जमला, फोडणी जमली, भात मात्र कोणाचाच तसा मोकळा झाला नाही. मायला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "भात शिजून राह्यला असला का त्याच्याकडे पाहू नोको. त्याले लाज वाटते."

पण हे सगळं बारा महिन्यांचं झालं. आमचं खरं वर्ष दसऱ्याला सुरू व्हायचं. दीक्षाभूमीवर येणाऱ्या माणसांचे लोंढे तेव्हा रेल्वेतून, ट्रकमधून, पायी नागपुरात उतरत, आणि वस्त्यावस्त्यांतून त्यांच्या राहण्याजेवणाची सोय होई. आमच्या वस्तीच्या सोयीचं काम बाबांकडे असे. कोणी नेमलेलं नव्हतं. त्यांनी एकदा केलं, मग दरवर्षी लोक त्यांच्याकडेच बघायला लागले. शाळेच्या वर्गांत सतरंज्या, आमच्या अंगणात चूल, आणि दोन खोल्यांत कुठल्या कुठल्या गावचे तीसेक लोक. माय पहिल्या दिवशी म्हणायची, "घर आहे का धरमशाळा?" आणि तिसऱ्या दिवशी त्या बायका निघाल्या की पदराने डोळे पुसायची.

बाबांची एक पद्धत होती. पाहुणे निघताना सगळे यजमान विचारतात, काही कमी तर नाही ना पडलं? आणि पाहुणे म्हणतात, छे छे. बाबा तसं विचारत नसत. ते कोपऱ्यातल्या, सगळ्यांत गप्प बसलेल्या बाईजवळ जाऊन उकिडवे बसत आणि म्हणत, "बाई, पुढच्या साली तुमची सून आली, तर तिच्यासाठी आम्ही काय करून ठेवू?" एकदा परभणीकडच्या एका म्हातारीने बराच वेळ पदराशी चाळा करून सांगितलं, "न्हाणीला आडोसा असावा बाबा." पुढच्या दसऱ्याला बाबांनी पोत्यांचे पडदे शिवून घेतले. दहा वर्षांची मी आणि ताई, आम्ही दाभणाने ते शिवले. ती म्हातारी खरंच सुनेला घेऊन आली आणि पोत्याला हात लावून उभी राहिली. पुढे लोकांचे समारंभ आखून देणं हेच माझं काम झालं. तेव्हा मिहान या नव्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीच्या समारंभाच्या वेळी एका चुणचुणीत मुलीने मला विचारलं होतं, "मॅम, पाहुण्यांना कायम लक्षात राहील असं काय देता येईल?" तिच्या डोक्यात चांदीचा मुलामा दिलेली काहीतरी वस्तू होती. मी तिला पोत्याची गोष्ट सांगितली. तिने लिहून घेतली. कितपत पटली कोण जाणे.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मुलगा खाप्याचा, प्राथमिक शाळेत मास्तर, कन्हानच्या काठावर घर. बघायला आला तेव्हा ताईला काही विचारण्याऐवजी त्याने मायला विचारलं, "ह्या चिवड्यात जवस आहे काय?" माय तिथेच विरघळली. लग्न मे महिन्यातलं. मे महिन्यातलं नागपूर ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. वस्तीपासून थोडं दूर एक समाजभवन होतं: एक लांब दालन, पुढे ओटा म्हणजे मंच, मागे पटांगण, पटांगणात एक भला मोठा कडुलिंब आणि एकच नळ. ते आम्ही घेतलं.

बाबा मला म्हणाले, "शालू, वरातीचं तू पाहा. मले मुलीचा बाप होऊ दे एक दिवस." मी आठ दिवस खपून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. वरात कुठे थांबेल, पाय धुवायचं पाणी कुठे, कैरीचं पन्हं कुठे, म्हातारे कुठे बसतील, लेकुरवाळ्या बायका कुठे. लग्नाला अक्षता नव्हत्या, फुलांच्या पाकळ्या होत्या. त्या कोणत्या दाराशी कोणाच्या हाती द्यायच्या तेही लिहिलं. लंबी रोटी करायला यशोदा मावशीला सांगितलं होतं. ही आमच्या शेजारची. चुलीवर उपडा घातलेला मातीचा माठ तापवून त्यावर ती रोटी टाकायची. मऊसर कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत लांबवायची, आणि एका हेलकाव्यात माठावर अंथरायची. तिची जागा मी नकाशात भिंतीच्या मागे, धुरासकट दडवून ठेवली होती. स्वयंपाक पाहुण्यांना दिसू नये असं तेव्हा मला फार सुधारलेपणाचं वाटे.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला आम्ही फुलांच्या टोपल्या घेऊन समाजभवनावर पोचलो, तर फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधून झालेलं. चार माणसं केळीचे खांब उभे करत होती. बाबा कौतुकाने म्हणाले, "अरे वा, हे कोणं केलं?" तेवढ्यात पांढऱ्या धोतरातले एक गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "तुम्ही कोणीकडचे?"

"आम्ही मुलीकडचे," बाबा म्हणाले.

"मुलीकडचे तर आम्ही आहो," ते म्हणाले.

हे रामभाऊ. इतवारीच्या बाजारात धान्याचं दुकान होतं त्यांचं, आणि त्यांच्या मुलीचं, कुंदाचं, लग्न त्याच दिवशी त्याच समाजभवनात होतं. त्यांच्याकडे चिठ्ठी होती, आमच्याकडेही चिठ्ठी होती. भवनाच्या जुन्या रखवालदाराने आम्हाला तारीख दिली होती, तो काम सोडून गावी गेला, आणि त्याच्या जागी आलेल्याने तीच तारीख त्यांना दिली. नवा रखवालदार दोन्ही चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहत होता, जणू मागच्या बाजूला काही उपाय लिहिलेला असेल. लग्नसराईत दुसरी जागा मिळणं शक्य नव्हतं. आमची वरात खाप्याहून निघायच्या बेतात असणार, त्यांची काटोलहून. कळवणार कसं? तेव्हा काय घरोघरी फोन होते?

आधी नुसती बोलाचाली होती. मग आवाज चढले. रामभाऊंचे थोरले भाऊ होते, त्यांना सगळे मोठेभाऊ म्हणत. ते रामभाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, पण हळू म्हणाले नाहीत, "अन् समजा जागा वाटून घेतली, तरी ह्या लोकाहीच्या संगं एका मांडवात..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. गिळलं तरी ते आम्हा सगळ्यांना पूर्ण ऐकू आलं. माझा चुलतभाऊ वसंता मुठी आवळून पुढे सरसावला. बाबांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. बाबांचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांवर पाणी घालणारा माणूस, आणि मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्याला फाटकात उभं राहावं लागत होतं.

मी तो कॅलेंडरचा नकाशा जमिनीवर पसरला आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. रामभाऊंना विचारलं, "काका, तुमचा मुहूर्त कितीचा?"

"बारा पंचवीस."

"म्हणजे तुमची वेळ पक्की. ती कोणालेच हलवता येत नाही. आमच्यात मुहूर्त नाही. आमची वेळ आमच्या हातात आहे."

वसंता भडकला. "म्हणजे आपण मागून? आपणच काहून सरकायचं गा दरवेळी?"

"सरकायचं कोण म्हणते? आपण आधी," मी म्हणाले. "आपली वरात साडेदहाले येते, अकराले लग्न, साडेअकराले मंच मोकळा. मग त्याहीचं लग्न. त्याहीची पंगत दालनात, आपली कडुलिंबाखाली. पाणी एकाच नळाचं, तर एक बादली त्याहीची, एक आपली, एकाआड एक."

रामभाऊ नकाशाजवळ वाकले. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय लिहिलं आहे? 'म्हातारे: पंख्याखाली, पण वाऱ्याच्या झोतात नाही.'"

"गुडघे धरतात," मी म्हणाले.

"हे बरोबर आहे," रामभाऊ म्हणाले. त्यांचे स्वतःचे गुडघे धरत असावेत. मोठेभाऊ पाय आपटत केळीच्या खांबांकडे निघून गेले, आणि आमचा मांडव एक झाला.

आता खरी गंमत. साडेदहा वाजले, खाप्याची वरात नाही. पावणेअकरा वाजले, नाही. मंचावर पांढरं कापड, मोगऱ्याच्या माळा, मधे बुद्धाची मूर्ती, आणि खाली पांढऱ्या साडीतली ताई दारामागे उभी राहून दर दोन मिनिटांनी विचारते, "आले काय वं?" माय तिला म्हणते, "येतील, खाप्याहून येऊन राह्यले, विलायतेहून नाही." आणि अकराला पाच कमी असताना बँड वाजला. आम्ही सगळे धावलो. पाहतो तर वरात काटोलची! मुहूर्ताच्या पुरा दीड तास आधी. त्यांच्या मोटारीने वाटेत कुठे थांबाच घेतला नव्हता.

रामभाऊंच्या घरचे कोणीच तयार नव्हते. बायका कुंदाला सजवत होत्या, पुरुष आचाऱ्यांच्या मागे होते, आणि फाटकाशी भर उन्हात सत्तर-ऐंशी माणसं उभी. मी वसंताकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. तो म्हणाला, "ते आपले पाव्हणे नाहीत." मी म्हणाले, "पाय तर पोळून राह्यले ना?" त्याने दोन सेकंद विचार केला आणि पन्ह्याचं पातेलं उचललं. हा वसंता पुढे तीस वर्षं माझ्या प्रत्येक कार्यक्रमात उजवा हात होता. पण त्याचा मोठेपणा मला त्या दोन सेकंदांत कळला.

वरातीत नवऱ्या मुलाचे आजोबा होते. ऐंशीच्या घरातले, डोक्यावर मोठा फेटा, आणि एका पायात चप्पल नाही. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती मोटारीतच राहिली होती. डांबर तापलेलं, ते एका पायावर उभे. मी त्यांना धरून कडुलिंबाखाली आणलं, खाटेवर बसवलं आणि तांब्याने पायांवर गार पाणी घातलं. त्यांनी डोळे मिटले. मग एक डोळा उघडून विचारलं, "तू नवरीची बहीण काय वं?"

"हो," मी म्हणाले. खोटं काय होतं त्यात?

"वा! रामभाऊनं पोरीले वळण चांगलं लावलं."

बाबा मागेच उभे होते. त्यांच्या कुजबुजण्याच्या आवाजात ते म्हणाले, "वळण आम्ही लावलं आहे, महाराज," आणि मग त्यांनी आजोबांना सगळी हकिकत सांगितली: दोन चिठ्ठ्या, दोन नवऱ्या, एक नळ. आजोबा ऐकत राहिले. पाण्यातला पाय त्यांनी काढून घेतला नाही. शेवटी म्हणाले, "मंग तुमच्या वरातीचं काय झालं गा?"

आमची वरात बाराला वीस कमी असताना आली. ट्रकचं चाक सावनेरजवळ फुटलं होतं. नवरदेव स्वतः जॅक लावायला खाली घुसलेला, त्यामुळे पांढऱ्या सदऱ्यावर ग्रीसचा पंजा. आमच्याकडे पंचेचाळीस मिनिटं होती. मी रामभाऊंकडे धावले. मोठेभाऊ म्हणाले, "नाही, आता नाही, मुहूर्त चुकते." रामभाऊ घड्याळाकडे बघत घाम पुसत होते. तेवढ्यात आतून भरजरी शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली कुंदा दारात आली. नवरीने बोलायचं नसतं असा तेव्हा दंडक होता. ती म्हणाली, "बाबा, ती ताई सकाळपासून उभी आहे. लागू द्या ना तिचं."

मग जे झालं ते असं की, काटोलचे पाहुणे उन्हात कुठे जाणार? ते पंख्याखाली दालनात बसलेले होतेच. माझ्या मैत्रिणी पाकळ्यांची सुपं घेऊन दाराशी उभ्या होत्या. कोण कुठला हे त्यांनी न बघता सगळ्यांच्या ओंजळी भरल्या. त्रिशरण, पंचशील झालं. ताईने आणि भाऊजींनी एकमेकांना वचनं दिली, हार घातले, आणि दोन्ही वरातींनी मिळून पाकळ्या टाकल्या. फेटेवाल्या आजोबांनी तर फार जोरात टाकल्या, आणि त्यांच्या पाकळ्यांत एक सुपारीही होती. ती भाऊजींच्या कपाळाला लागली. बारा वाजून दहा मिनिटांनी ताईचं लग्न लागलं.

मंच रिकामा करायला आम्ही धावलो. वसंताने मूर्ती उचलायला हात घातला, तेव्हा पुन्हा कुंदाच म्हणाली, "राहू द्या ना. त्याले कायले उठवता?" मूर्तीपुढे त्यांचा अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, आणि आता आमच्या लोकांनी अक्षता टाकल्या. मायला सवय नव्हती, तिने सगळ्या एकदमच टाकून दिल्या आणि उरलेली मंगलाष्टकं रिकाम्या मुठीने टाकत राहिली.

सगळं गोड झालं असं मात्र लिहिता येणार नाही. लग्न बघणं वेगळं आणि शेजारी बसून जेवणं वेगळं, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दालनात त्यांची पंगत मांडली गेली, कडुलिंबाखाली आमची. मधे दहा पावलं, पण ती दहा पावलं कोणी चालत नव्हतं. ती पावलं चालायला लावली यशोदा मावशीने, आणि तेही माझा नकाशा मोडून. भिंतीमागे धूर कोंडून तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, तेव्हा तिने कोणाला न विचारता माठ आणि चूल पटांगणाच्या बरोबर मधे आणली. काटोलकडच्यांनी लंबी रोटी कधी पाहिलेली नव्हती. आधी लहान मुलं जमली, मग बायका. कणकेचा गोळा हातावर झुलतोय, पसरतोय, कोपराखाली लोंबतोय, आता तुटणार म्हणेपर्यंत माठावर! "हाय बाप्पा!" असा एकच आवाज. मावशीला बघे मिळाले, तशी ती आणखी लांब करायला लागली. मी तोंडावर हात घेऊन उभी होते. जी गोष्ट मी लाजेने लपवली होती, तीच त्या दिवसाची शोभा झाली. आज लग्नात जागोजागी पाहुण्यांसमोर जिलब्या तळतात, डोसे घालतात, त्यात नवल कसलं? मला ते मावशीने शिकवलं, तेही डोळ्यांत धूर गेला म्हणून.

फेटेवाले आजोबा खुर्चीवरून उठले आणि एका चपलेने टकटक करत आमच्या पंगतीकडे निघाले. मोठेभाऊ आडवे आले. "आजोबा, आपली पंगत तिकडे आहे."

"मले हे पायजे," आजोबा रोटीकडे बोट दाखवून म्हणाले.

"अहो, पण..."

"काय पण? ज्याहीचं पाणी पायावर घेतलं, त्याहीचं अन्न तोंडात घ्याले काय होते गा?"

आजोबा पंगतीत बसले. बाबांनी स्वतः पत्रावळ मांडली, लंबी रोटीची घडी ठेवली, द्रोणात आमरस वाढला. आजोबांनी रोटी रसात बुडवली, खाल्ली आणि मान हलवत राहिले. मग त्यांची सून येऊन बसली. मग दोन तरुण. मग मी मोजायचं सोडून दिलं. मोठेभाऊ आणि त्यांच्याबरोबर काही माणसं न जेवता निघून गेली. फाटकातून जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं, रागही आला, आणि आजही त्यातलं थोडं काही शिल्लक आहे. पण तेवढ्यात दालनातून रामभाऊ आले. कमरेला उपरणं बांधलेलं, हातात बुंदीची परात. आमच्या पंगतीत पहिल्या पानापासून वाढत निघाले. वसंताच्या पानाशी आले तेव्हा वसंता मान वर करत नव्हता. रामभाऊ थांबून राहिले. "घे ना गा," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या लग्नाची आहे." वसंताने पान पुढे सरकवलं. ते बघून बाबांनी रोट्यांची टोपली उचलली आणि ते दालनाकडे निघाले.

संध्याकाळी ताई ट्रकमध्ये बसली. ग्रीसचा पंजा लागलेला सदरा भाऊजींनी अभिमानाने तसाच ठेवला होता. ताई रडली, माय रडली, आणि कुंदाही, तिची स्वतःची मोटार पलीकडे थांबलेली असताना, आमच्या ट्रकशी येऊन रडून गेली. बाबांनी सगळ्यांच्या शेवटी भवन झाडून घेतलं. मी म्हटलं, "बाबा, आज तर तुम्ही फक्त मुलीचे बाप होणार होते ना?" ते म्हणाले, "झालो ना. दोन पोरीचा झालो."

पंधरा दिवसांनी रामभाऊ आमच्या घरी आले, बरोबर त्यांची बायको कमलबाई. आमच्या गल्लीत ते पहिल्यांदाच येत असावेत. सायकलरिक्षा चुकीच्या दारी दोनदा थांबली होती. मायने अंगणात खाट टाकली, चहा दिला. दोघांनी तो कपातला शेवटचा थेंब संपेपर्यंत प्यायला, आणि माय ते नजर न काढता बघत होती. मग रामभाऊ बाबांना म्हणाले, "दुकानाच्या मागं नवं गोदाम बांधून राह्यलो. उद्घाटनाले गावोगावचे लोक येतील. मी मनात म्हणलं, शालूले पाठवलं तुम्ही तर... तो नकाशा गिकाशा तिनंच काढावा."

बाबा माझ्याकडे बघून हसत होते. त्यांच्या तोंडून हो निघणारच होतं. पण माय मधे बोलली. आमच्याकडच्या बायकाही स्वतःबद्दल बोलताना येतो, जातो असंच म्हणतात, त्याच ठसक्यात ती म्हणाली, "पाठवतो ना. काहून नाही पाठवणार? पण तिले पत्रिका द्या. तिच्या नावाची. काम तर ती करीनच, पण जाईन ते पत्रिकेवर."

मला वाटलं, आता हे लोक उठणार. रामभाऊंनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. कमलबाईच म्हणाल्या, "हो जी. द्यालेच पायजे."

चौथ्या दिवशी पोस्टमनने गल्लीत माझं नाव पुकारलं. माझ्या नावाचं आलेलं ते पहिलं टपाल. पिवळ्या पाकिटाच्या कोपऱ्यांना हळद लावलेली, आणि वर निळ्या शाईत 'कुमारी शालिनी हिस, अगत्याचे निमंत्रण'. मायला वाचता येत नव्हतं. तिने ते पाकीट माझ्याकडून चारदा वाचून घेतलं आणि मग गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन दाखवलं, 'हे काय लिहिलं आहे जरा वाचून सांगा वं' असं म्हणत.

उद्घाटनाच्या दिवशी मी पहाटेपासून राबले. पोत्यांच्या थप्प्यांवर सतरंज्या टाकून मी पाहुण्यांना बसवलं होतं. धान्याच्या गोदामात धान्यावरच बसावं, असं मला सुचलं, आणि गावोगावचे शेतकरी त्या थप्प्यांवर राजासारखे बसून हसत होते. जेवणाची वेळ झाली, पंगत मांडली. मी सवयीने कमरेला पदर खोचला आणि वरणाच्या बादलीकडे वळले. कमलबाईंनी माझ्या हातातून बादली काढून घेतली. पहिल्या रांगेत, मधोमध एक पान रिकामं होतं, त्याच्यापुढे त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं.

"बस वं," त्या म्हणाल्या. "आज तू पाव्हणी आहेस." आणि माझ्या पानात त्यांनी पहिलं मीठ वाढलं.